ओटीजी एकदाच तापवा, पाच मुलखांचं भाजून काढा

माझी सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांसमोर गेली. जॉब, म्हणजे पोलादाचा सुटा भाग, साडेआठशे अंशांच्या आसपास तापवायचा, तेलात विझवायचा आणि मग टेंपरिंगला, म्हणजे त्याचा ठिसूळपणा उतरवायला, दीडशे-दोनशेवर परत भट्टीत घालायचा, हेच काम. रिटायर झाल्यावर लेकीनं ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, आणून दिला. त्याच्या बटणावरचे आकडे बघितले आणि म्हटलं, ही तर आपली टेंपरिंगचीच रेंज! तेव्हापासून रविवारी स्वयंपाकघरातला एक कोपरा माझ्याकडं आहे. ओटा पुसून देण्याच्या अटीवर.

केक-बिस्किटांच्या व्हिडिओंत साहित्य ग्रॅमपर्यंत सांगतात आणि आच एका वाक्यात उरकतात. माझं गणित उलटं आहे. पीठ, लोणी आणि गोड सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच असतं. पदार्थ बदलतो तो कुठल्या आचेत किती वेळ ठेवला यानं. आणि जुन्या लोकांना ही आच फुकट मिळत नव्हती. लाकडाची भट्टी पेटवायची म्हणजे अर्धा दिवस आणि भारा-दोन भारे लाकूड. एकदा तापली की ती पूर्ण उतरेपर्यंत वापरायची. कडक आचेवर आधी पातळ रोट्या, मग पाव, आच उतरली की केक, त्यानंतर बिस्किटं, आणि शेवटच्या धगीत रात्रभर टोस्ट वाळवायचे.

आपल्याकडं ज्यांनी दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यातून नेऊन गल्लीतल्या बेकरीत नानकटाई करून आणली आहे, त्यांना हे नव्यानं सांगायला नको. पाव बाहेर पडल्याशिवाय नानकटाईचा ट्रे आत जात नाही. मोरोक्कोतल्या फेझसारख्या जुन्या शहरांत अजूनही घरचं पीठ फळीवर घालून मोहल्ल्याच्या भट्टीवर पाठवतात. दक्षिण इटलीतल्या आल्तामुरा गावात पाव सार्वजनिक भट्टीत जायचे, तेव्हा कुणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घर आपला लाकडी शिक्का पावावर उठवायचं. आपल्या डब्यांवर नावं कोरतात तसलाच हिशेब.

तर आपण हीच उतरती आच एका रविवारी घरात वापरू. एकदाच ओटीजी तापवायचा आणि २५० पासून १०० अंशांपर्यंत उतरत येत पाच पदार्थ काढायचे: पश्चिम आशियातला पिटा, आयर्लंडचा सोडा ब्रेड, उत्तर इंग्लंडचं पार्किन, स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड आणि दक्षिण आफ्रिकेच्या पद्धतीचे टोस्ट. अंश सगळीकडं सेल्सिअसच समजा.

आधी भट्टी ओळखा

ओटीजीचं बटण खोटं बोलतं असं धरूनच चाला. एक छोटा ओव्हन थर्मामीटर आणून मधल्या जाळीवर ठेवा, बटण २०० वर लावा आणि अर्धा तास हात लावू नका. रॉड चालू-बंद होत राहतात, त्यामुळं काटा झुलतो. तो सगळ्यात वर कुठं जातो आणि सगळ्यात खाली कुठं येतो हे दोन्ही बघा, त्याचा मध्य म्हणजे तुमचा खरा आकडा. आमच्या ओटीजीचं बटण २०० वर असतं तेव्हा आत १८० असतात. असंच १५० आणि २५० ला तपासा आणि आकडे कागदावर लिहून ओटीजीला बाजूनं चिकटवा. पुढं मी जे अंश सांगतो ते आतले, बटणावरचे नव्हेत.

दुसरी गोष्ट बिडाचा तवा. डोशाचा जाड, बिनदांड्याचा तवा खालच्या जाळीवर ठेवायचा, रॉडला चिकटू द्यायचा नाही. कोल्हापूर ओतकामाचं गाव. इथं बीड म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दार उघडलं की आतली हवा क्षणात गार होते, तवा होत नाही. पातळ पत्र्याच्या ओटीजीत दगडी भट्टीचा तळ जर कुठून आणायचा असेल तर तो या तव्यातूनच. मात्र तवा नीट तापायला पाऊण तास द्या. ओटीजीचा लाल दिवा विझला म्हणजे हवा तापली, तवा नव्हे.

थर्मामीटर नसेल तर? जुने भट्टीवाले भट्टीच्या तळावर पीठ भुरभुरून ते किती लवकर करपतं त्यावर आच ओळखायचे. त्यांची नजर तयार होती. तुम्ही सरळ थर्मामीटर घ्या.

२५० अंश: पिटा

सकाळी चहाआधी हे पीठ भिजवा. ३०० ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट, एक सपाट चमचा मीठ, थोडं तेल आणि साधारण १९० मिली कोमट पाणी. दहा मिनिटं मळून झाकून ठेवा. मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होतं, डिसेंबरात दीड तास लागतो.

आठ गोळे करा, दहा मिनिटं थांबा आणि फुलक्यापेक्षा जाड, साधारण पाव इंचाला थोडं कमी, असे गोल लाटा. परत दहा मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. पिटा फुगतो तो आतल्या पाण्याच्या वाफेनं. त्यासाठी वरचा आणि खालचा पापुद्रा झटक्यात घट्ट व्हावा लागतो, म्हणून तवा कडक तापलेला हवा. गोळ्याला भेग असेल, किंवा लाटी वाळून वर खपली आली असेल, तर वाफ तिथूनच निसटते. एका वेळी दोनच टाका, चार-पाच मिनिटांत टम्म फुगतात. तांबूस होईपर्यंत थांबू नका, कडक होतील. काढून लगेच कपड्यात गुंडाळा.

रविवार आहे, म्हणजे घरात मटण आहे. पिट्याच्या खिशात सुकं भरा आणि वर कांदा-लिंबू. पांढरा रस्सा वाटीतच बरा, खिशात टिकत नाही.

२२० अंश: सोडा ब्रेड

हा माझा लाडका, कारण यात मळणं नाही, फुगवत ठेवणं नाही, आणि ताक आपल्या घरात असतंच. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, त्यात ग्लुटेन कमी. यीस्टचा पाव त्याचा नीट उभा राहत नाही. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा स्वस्त मिळायला लागला, लोणी काढून उरलेलं ताक घरोघर होतं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर गरीबाघरी पाव व्हायला लागला. भट्टी नव्हतीच. बिडाचं पसरट भांडं पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विस्तवावर टांगायचं आणि झाकणावरही निखारे ठेवायचे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलात तर काकडीचं धोंडस असंच खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं मिळेल. आयर्लंड आणि मालवण, दोघांनीही भट्टीची अडचण एकाच युक्तीनं सोडवली.

२५० ग्रॅम गिरणीतून दळलेली कणीक, १५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम लापशीचा रवा घ्या. रव्यानं जाडसर पिठाच्या तिकडच्या पावासारखी दाताखाली येणारी चव येते. एक सपाट चमचा खायचा सोडा चाळून घाला, गुठळी राहिली तर घास साबणासारखा लागतो. एक चमचा मीठ. हे सगळं कोरडंच नीट मिसळा. आता ताक: ३५० ते ४०० मिली, दाट आणि आंबट. जेवणानंतर पितो ते पाणीदार ताक चालत नाही. तसलंच असेल तर २५० ग्रॅम आंबट दही १५० मिली पाण्यात घुसळून घ्या. गिरणीची कणीक पाणी जास्त ओढते, म्हणून शेवटचे पन्नास मिली हाताला वाटेल तसे.

ताक पडल्या क्षणापासून सोडा कामाला लागतो, बुडबुडे सुटायला लागतात. ते बुडबुडे पावात अडकवायचे आहेत, परातीत वाया घालवायचे नाहीत. बोटं पसरून हात गोल फिरवा, पीठ जेमतेम गोळा झालं की थांबा. चपातीची सवय असलेल्या हाताला हे जड जातं. सौ.नं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अहो, हे काय अर्धवट सोडलंय, द्या इकडं, मी मळते." दिलं नाही. मळलं की पाव दगड होतो.

कोरड्या पिठावर गोळा ठेवून दोन बोटं उंचीचा गोल थापा आणि सुरीनं मध्यावर खोल फुली मारा, तळाच्या अगदी जवळपर्यंत. आयर्लंडात म्हणतात की या फुलीतून पऱ्या बाहेर पडतात. मला विचाराल तर जाड जॉबच्या पोटात आच पोचवायची सोय आहे ती. थेट तापलेल्या तव्यावर ठेवा. २२० वर पंधरा मिनिटं, मग २०० वर अजून पंचवीस ते तीस. काढून उलटा करा आणि तळावर बोटानं वाजवा. पोकळ आवाज आला की झाला. ठस्स आवाज आला तर परत आत.

अर्धा पाव आजच खायचा, लोणी लावून. जाड काप दुसऱ्या दिवशी मिसळीच्या कटात बुडवून बघा, साध्या स्लाइसपेक्षा जास्त कट पितो आणि मोडत नाही. उरलेला अर्धा मात्र बाजूला ठेवा, शेवटी लागणार आहे.

१६० अंश: पार्किन

आता हातमोजे घालून तवा बाहेर काढा, नाहीतर पार्किनचा तळ करपेल. दार दोन मिनिटं उघडं ठेवून आच उतरवा.

यॉर्कशर आणि लँकशर या उत्तर इंग्लंडच्या भागांत थंडी आणि ओल इतकी की गव्हापेक्षा ओट बरा पिकतो. म्हणून तिथला केक ओटचा, सुंठीचा आणि काळ्या पाकाचा. तो खातात ५ नोव्हेंबरला. १६०५ साली लंडनमध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याच्या आठवणीला त्या रात्री शेकोट्या पेटवतात, फटाके उडवतात. म्हणजे आपली दिवाळी मागं-पुढं असते त्याच दिवसांत तिकडंही आकाशात रोषणाई असते. आणि त्याच सुमाराला करवीर-पन्हाळ्याकडची गुऱ्हाळं धूर काढायला लागलेली असतात.

गुऱ्हाळांचा विषय काढला, कारण मूळ कृतीत लागतो तो ट्रीकल, साखर कारखान्यातला काळा दाट पाक, आणि त्याच्या जोडीला गोल्डन सिरप. परदेशी मालाच्या दुकानात दोन्ही मिळतात, पैसे मोजून. आपल्याकडं काकवी आहे. मी तर म्हणतो, या केकला ट्रीकलपेक्षा काकवी सरस. ट्रीकलला एक कडवट टोक असतं, ते हिला नाही. गुऱ्हाळावरून घेतलेली असेल तर उत्तम. बाटली उघडल्यावर फेस आला किंवा दारूसारखा वास आला तर ती आंबली आहे, वापरू नका. गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरचा, म्हणजे गूळ उजळवायच्या रसायनाचा, असतो. गूळ बाजारात काळसर, बिनपावडरीचा मागा, पार्किनला तोच हवा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून बाहेरगावी नाव अजून वाढलं. पण इथल्या इथं तरी नाव वाचून नव्हे, तुकडा जिभेवर ठेवून घ्या.

१५० ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम काकवी आणि ७५ ग्रॅम किसलेला गूळ मंद आचेवर विरघळवा. उकळी येऊ द्यायची नाही, गूळ विरघळला की खाली उतरवा. १०० ग्रॅम साधे ओट्स मिक्सरला दोनदा फिरवून रवाळ करा, पूड नको. त्यात २०० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा सुंठ, थोडं जायफळ, एक सपाट चमचा सोडा आणि चिमूट मीठ. सुंठीला कंजुषी करू नका. खाल्ल्यावर घशात थोडी ऊब राहिली पाहिजे. पातेल्यातलं मिश्रण हाताला सोसवेल इतकं निवलं की त्यात एक अंडं आणि तीन-चार चमचे दूध फेटा आणि कोरड्यात ओता. काकवी ट्रीकलपेक्षा पातळ असते, म्हणून दूध याहून वाढवायचं नाही. श्रावण असेल किंवा घरात अंडं चालत नसेल तर त्याजागी ६० ग्रॅम घट्ट दही घाला, किंचित कमी फुलतं, चवीला फरक नाही.

बटर पेपर लावलेल्या आठ इंची चौकोनी साच्यात घालून १६० वर पन्नास मिनिटं ते एक तास. काकवी लवकर काळवंडते, त्यामुळं वरचा रंग बघून फसू नका. मध्यावर हलकं दाबा, परत वर आलं की झालं. वरून फार गडद व्हायला लागलं तर शेवटच्या वीस मिनिटांत फॉइल झाका.

आणि आता अवघड भाग: खायचं नाही. ताजं पार्किन कोरडं आणि अडमुठं लागतं. गार झाल्यावर कागदासकट डब्यात घाला आणि झाकण घट्ट लावून किमान तीन दिवस विसरा. काकवीतल्या साखरा ओलावा धरून ठेवतात आणि ओट हळूहळू भिजत राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच केक मऊ, चिकटसर, गडद होतो. आमच्या नातवाला हा नियम मान्य नाही, त्याच्यासाठी एक कोपरा कापून द्यावा लागतो.

१५० अंश: शॉर्टब्रेड

हिशेब लक्षात ठेवायला सोपा: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ, सगळं वजनानं. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० लोणी, ३००पैकी २५० मैदा आणि ५० तांदळाचं पीठ. तांदळानं खुसखुशीतपणा येतो, स्कॉटलंडातही तो घालतात. नानकटाईचंच भावंड, पण यात सोडा नाही, वेलची नाही आणि तुपाऐवजी लोणी. लोण्याचा सुगंध हाच याचा मसाला.

आपल्याकडं म्हशीचं दूध, साय जाड, घरचं लोणी भरपूर. फक्त ते थंड पाण्यात तीन-चारदा धुऊन, दाबून त्यातलं ताक पार काढा. पाणी राहिलं तर बिस्कीट चिवट होतं. लोणी आणि साखर मिसळून पीठ घाला, बोटांनी जेमतेम एकत्र करा आणि पसरट ताटलीत अर्धा इंच जाड थापा. काट्यानं सगळीकडं भोकं पाडा. मग फ्रिजमध्ये अर्धा तास. ही तयारी पार्किन आत असतानाच उरकते. १५० वर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. रंग साईसारखा फिकट सोनेरी. लालसर झालं म्हणजे लोण्याची चव गेली. गरम असतानाच सुरीनं त्रिकोण पाडा, गार झाल्यावर तुकडे वेडेवाकडे फुटतात.

यात गूळ घालून "कोल्हापुरी शॉर्टब्रेड" करण्याचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला आहे. नको. गूळ ओलावा आणतो आणि लोण्याची चव झाकतो. कोल्हापूरचा आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी गूळ घुसवायचा नसतो. तिकडं ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल टाकणारा पाहुणा शॉर्टब्रेड आणि कोळशाचा तुकडा घेऊन येतो, वर्षभर घरात खायला आणि ऊब मिळावी म्हणून. भट्टीवाल्याला ही भेट पटते.

१०० अंश: टोस्ट

बाजूला ठेवलेला अर्धा सोडा ब्रेड आता पूर्ण गार झालेला असेल. दक्षिण आफ्रिकेत ताकात भिजवलेल्या पिठाचा गोडसर पाव करून, त्याचे जाड तुकडे मंद भट्टीत रात्रभर वाळवतात आणि कॉफीत बुडवून खातात. लांबच्या बैलगाडीच्या प्रवासात ते महिनोन् महिने टिकायचे. आपला पाव गोड नाही, पण ताकाचा आहे, चहाला चालतो.

बोटभर जाड काप करून जाळीवर सुटे मांडा. आच १०० ते ११०. दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवा, वाफ बाहेर पडली पाहिजे. इथं भाजायचं नाही, वाळवायचं आहे. तासाभरानं उलटे करा, अजून तासभर ठेवा. मधोमध मोडून बघा, आत जराही मऊ लागलं तर परत आत.

वेळेचा मेळ असा: अकराला ओटीजी चालू, पावणेबाराला पिटे, बाराला सोडा ब्रेड, एकला पार्किन, दोन-सव्वादोनला शॉर्टब्रेड, तीनला टोस्ट आत आणि पाचच्या चहाला बाहेर. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. पिटा आणि सोडा ब्रेड सोडून बाकीचे पदार्थ दहा-पंधरा मिनिटांचा खंड सोसतात.

टोस्ट पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि पार्किनच्या डब्यात चुकूनही ठेवू नका, एक मऊ व्हायला हवा आणि दुसरा कडक. जुलै-ऑगस्टच्या पावसात ते दोन दिवसांत सादळतात. तेव्हा १०० अंशांवर दहा मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत.